नमदा

हिवाळ्याच्या तोंडावर यूलोने जमीन तासून घेतली.
चाळीस वर्षांचा तपकिरी रंग भुशात गेला
आणि खालून निघाल्या पाइनच्या फळ्या,
नुकतं जावळ काढलेल्या डोक्यासारख्या,
कोवळ्या, पिवळट, हात लावायची भीती वाटावी अशा.
तेल पाजून झाल्यावर उंबऱ्यात उभा राहून म्हणाला,
"ओरखडा दिसला तर अनामत विसरायची."
यूलो माणूस वाईट नाही.
त्याने वाकून मला एक गाठ दाखवली फळीतली,
पोराच्या पाठीवरचा तीळ दाखवावा तशी.

माझं सामान ते काय:
पलंग, पुस्तकं बांधायचा शिकंजा, एक खुर्ची.
पलंगाच्या पायांखाली काचेच्या वाट्या गेल्या,
शिकंज्याखाली दुहेरी घोंगडी.
खुर्ची मात्र एका जागी राहत नाही.
मीच राहत नाही, तिचा काय दोष.

दुकानातून चिकट चकत्या आणल्या, सोळा नग.
आठवड्यात सरकल्या, एका कडेने सुटल्या,
आणि सुटल्या कडेला चिकटली
रस्त्यावरच्या बर्फावर टाकतात ती खडी,
जोड्यांतून घरात आलेली, बाजरीच्या दाण्याएवढी.
पायाने जे केलं नसतं ते पायाच्या राखणदाराने केलं.
खिडकीजवळ आहे. चंद्रकोरीसारखा.
अक्रोडाचा गर घासघासून अर्धा बुजवलाय.

मग माळ्यावरून बाबांचे नमद्याचे बूट काढले.
पेइप्सी सरोवर गोठलं की त्याला भोक पाडून
दिवसदिवस हे घालून बसायचे ते, माशांची वाट बघत.
टाचा झिजल्यात, पण वरची नळी अजून बोटभर जाड.
पुठ्ठा कापायच्या सुरीने चार चकत्या कापल्या,
पायापेक्षा केसभर लहान.
नमदा कडेबाहेर डोकावला की कचरा गोळा करतो,
एवढं शहाणपण एव्हाना आलं होतं.
तळ कानशीने खरवडले, सरस गरम केला.
रात्रभर खुर्ची शीर्षासनात.

सकाळी सुलटी करून ढकलली.
गेली.
नुसती गेली.
बाबा असेच यायचे पहाटे सरोवरावरून,
आम्हाला न उठवता,
आणि मोरीत मासळीचा वास आधी यायचा.

तिसऱ्या संध्याकाळी दार वाजलं.
खालच्या मजल्यावरची लेइदा, चौऱ्याऐंशीची,
धापा टाकत, हातात बटाटे सोलायची सुरी.
"आहेस ना?"
आहे म्हटलं.
"सातला तुझी खुर्ची करवादली की मी बटाटे चढवते.
साडेनऊला करवादली की गोळी घेते.
मागे आठवडाभर आवाज घोगरा होता,
म्हटलं सर्दी झाली असेल खुर्चीला.
परवा बटाटे राहिले. काल गोळी राहिली.
आज म्हटलं, बघून यावं."

नऊ वर्षं राहतोय मी सुपिलिनच्या या लाकडी घरात.
नऊ वर्षांत ती एकदाही तक्रारीला आली नव्हती.
मी समजायचो, ऐकू कमी येतं.

तिला खुर्चीतच बसवलं.
तिने टाचेने जरा रेटा दिला आणि मागे घसरली,
पुन्हा दिला, पुन्हा घसरली,
सुरी मांडीवर आडवी धरून.
"बर्फगाडी केलीस की," म्हणाली,
पण हसली नाही फारशी.

आता सातला मी गरम पाण्याच्या पाइपवर
शिकंज्याची दांडी दोनदा वाजवतो.
खालून चमचा एकदा वाजतो.
कधी चमचाच आधी वाजतो, सातला पाच कमी असताना,
आणि मी मुकाट्याने हातातली शिवण बाजूला ठेवतो.

बुटांत अजून नमदा उरलाय,
लेइदाच्या सगळ्या खुर्च्यांना पुरून उरेल.
सुरी, सरस घेऊन गेलो होतो रविवारी.
तिने दारातूनच परतवलं:
"माझ्याखाली कोण राहतं? तळघर.
आणि वर जमिनीवर, बाबा रे,
एवढी एक खुर्ची तरी बोलू दे माझ्याशी."